साहित्यिकांचें श्राद्ध कीं सत्कार?

जिवंतपणीं ज्या वडील माणसाची कोणीं विचारपूस केली नाहीं, त्याच्या श्राद्धास मात्र पंचपक्वान्नांचा बेत व्हावा, असा प्रकार कांहीं घरांतून दृष्टीस पडतो. राष्ट्रेंही यास अपवाद नाहींत. आयर्लंडचेंच उदाहरण घ्या.

दरवर्षीं १६ जून रोजीं डब्लिन शहरांत जेम्स जॉइस याच्या ‘युलिसीज’ कादंबरीचा उत्सव होतो. कारण तिचें कथानक १९०४ सालच्या त्याच तारखेस घडतें. लोक जुन्या काळचा पोषाख करून, कथानायक ब्लूम ज्या रस्त्यांनीं हिंडला त्यांवरून फिरतात व पुस्तकांतील उतारे मोठ्यानें वाचतात. १९५४ सालीं मोजक्या साहित्यप्रेमी मंडळींनीं आरंभिलेला हा परिपाठ आतां त्रिएस्त, न्यूयॉर्क अशा दूरच्या शहरींही पोंचला आहे.

परंतु हयात असतां जॉइसच्या वांट्यास काय आलें? त्याच्या ‘डब्लिनर्स’ या कथासंग्रहाचीं छापून झालेलीं पानें १९१२ सालीं डब्लिनच्या मुद्रकानेंच नष्ट केलीं. शहराचें जसेंच्या तसें चित्र काढलें, हाच अपराध! जॉइस निघून गेला, तो पुन्हां मायभूमीस परतला नाहीं. ‘युलिसीज’ १९२२ सालीं पॅरिसमध्यें सिल्व्हिया बीच या अमेरिकन पुस्तकविक्रेत्या बाईंनीं प्रसिद्ध केली. १९४१ सालीं झुरिक येथें त्याचा अंत झाला. थडगेंही तेथेंच आहे. पुढें १९९३ सालीं आयर्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर त्याचीच छबी झळकली! एड्ना ओब्रायन या लेखिकेची पहिली कादंबरी १९६० सालीं निषिद्ध ठरली. आयरिश कलावंतांचा सर्वोच्च मान तिला २०१५ सालीं, वयाचीं चौऱ्यांशी वर्षें उलटल्यावर मिळाला.

याउलट लेडी ग्रेगरी या बाईंचें वर्तन पाहा. १८९२ सालीं वैधव्य आलें. पण त्या खचल्या नाहींत. त्यांनीं आयरिश भाषेचा अभ्यास केला, खेडुतांच्या तोंडच्या कथा टिपून घेतल्या आणि गॅल्वे परगण्यांतील कूल पार्क हें आपलें घर लेखकांस मोकळें केलें. कवि येट्स अनेक उन्हाळे तेथें राहून लिहीत असे. १९०४ सालीं ॲबी नाट्यगृह उघडलें त्यांत त्या अग्रभागीं होत्या. १९०७ सालीं सिंजच्या नाटकावरून प्रेक्षकांनीं दंगा केला, तरी प्रयोग बंद पडूं दिले नाहींत. पाहुणे लेखक बागेंतील एका बीच वृक्षावर आपलीं आद्याक्षरें कोरीत. तें घर १९४१ सालीं पाडलें गेलें. तथापि येट्स, शॉ, सिंज यांचीं अक्षरें अंगावर वागविणारा तो वृक्ष आजही उभा आहे.

उत्सव करूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आपले दोष दाखविणाऱ्या लेखणीचा राग न धरतां, लेखक हयात आहे तोंच त्याचें पुस्तक विकत घेऊन घरांत वाचावें, हाच त्याचा खरा सत्कार होय. आणि घरांतील एखादी सून अगर मुलगा कांहीं लिहूं लागल्यास, वडील मंडळींनीं थट्टा न करतां निदान एकदां शांतपणें ऐकून घ्यावें.