दान त्यांचे, देणे आपले

माननीय मुख्यमंत्री आणि माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



मी जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातील आष्टीचा रहिवासी. मतदार आहे, घरपट्टी-पाणीपट्टी भरतो, यापलीकडे ओळख सांगण्याची गरज नाही. कोणत्याही पक्षाचा किंवा चर्चचा मी सभासद नाही. हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण आमच्याकडच्या निवेदनांना पोच मिळते आणि गोष्ट तिथेच संपते. आपल्या दोघांना मिळून लिहितो, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या खात्याकडे बोट दाखवायला नको.

आमच्या भागात अवघड बाळंतपण असो की पोटाचे दुखणे, जालन्याला न्यायची वेळ आली की अजूनही एखादी म्हातारी म्हणते, ‘मिशनमध्ये न्या.’ स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी सुरू केलेला तो दवाखाना शंभराहून अधिक वर्षे या मुलखात आहे. निजामाचे राज्य गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला, मग महाराष्ट्र झाला, जालना १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. एवढी राज्ये बदलली तरी त्या म्हातारीच्या तोंडी सरकारी दवाखान्याच्या आधी मिशनचे नाव का येते? मिशनने कधी तिच्याकडे मत मागितले नव्हते, कसले आश्वासनही दिले नव्हते. आपण आणि आपल्या आधीच्यांनी ते दर पाच वर्षांनी दिले.

या मुलखात हे काम रुजले त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री जालन्याला आले आणि त्यांनी शहराजवळ बेथेल ही वसाहत वसवली. गावकुसाबाहेरच्या मांग-महार कुटुंबांना तिथे राहायला जागा मिळाली, मुलांना शाळा मिळाली. त्या वसाहतीसाठी जमीन दिली होती निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. ही गोष्ट मुद्दाम लिहितो. एका मुसलमान संस्थानाच्या दिवाणाने एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाला अस्पृश्यांसाठी जमीन दिली. लोकांनी निवडून न दिलेल्या त्या सत्तेला एवढे सुचले. निवडून आलेल्या सत्तेने बेथेलच्या वारसांसाठी काय केले? अनुसूचित जातींचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश फक्त हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली. ख्रिस्ती झालेल्या दलिताला अजून नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये तशी शिफारस केली होती, २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला, त्याची मुदत वाढत गेली. निर्णय दिल्लीचा आहे, हे जाणतो. पण धर्म बदलल्याने जात सुटत नाही, हे आमच्या गावागावांत आपल्याला रोज दिसते. दिल्लीला राज्य म्हणून आपण कधी काही कळवले का?

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि तो जामखेडचा आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढे अमेरिकेत जाऊन आलेले. कोठेही सुखाने राहता आले असते. त्यांनी दुष्काळाचा, ऊसतोडीच्या मुकादमाचा आणि कोयत्याचा तालुका निवडला. म्हणजे आमच्यासारखाच. १९७१ च्या सुमारास तिथे जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या दोन-अडीच दशकांत प्रकल्पाच्या गावांत हा आकडा पंचविशीच्या आत आला.

हे मोठ्या इमारतीमुळे झाले नाही, हे आपल्या खात्याच्या प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक आहे. शिकलेल्या परिचारिका गावात राहायला तयार नव्हत्या, तेव्हा आरोळ्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, गावात काय अडले ते सांगत आणि परत जात. हे वर्षानुवर्षे चालू राहिले. रात्री सगळ्या जातींच्या बाया एका मोठ्या गोधडीखाली झोपत. बोअर घेताना ती दलित वस्तीत घेतली, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांना तिकडे जावे लागेल. नाडी बघण्याइतकेच हेही आरोग्याचे काम आहे, असे ते मानत. त्या बायांत सर्व जातींच्या आणि धर्मांच्या बाया होत्या. ख्रिस्ती व्हा, अशी अट कोणाला घातलेली नव्हती.

जगाने ते पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आले, १९७८ च्या अल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेच्या ज्या विचाराला मान्यता मिळाली त्याच्या मागे जामखेडचाही हात होता, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच अल्मा-आतामध्ये भारताने ‘सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ या घोषणेवर मान डोलावली होती. सन २००० येऊन गेले. मग २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले गेले की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. तेही वर्ष येऊन गेले. तारीख गाठता येत नाही तेव्हा ती पुढे ढकलायची, पण का गाठता आली नाही हे कोणी सांगायचे नाही. हा नियम कोणी केला?

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यात दर हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ स्वयंसेविका नेमली गेली. जामखेडची आरोग्यसेविका, गडचिरोलीतले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे नवजात बाळांवरचे काम, छत्तीसगडच्या मितानीन सेविका, या सगळ्यांतून ती कल्पना घडली. चांगल्या कामाची पद्धत सरकारने उचलली, याबद्दल मला तक्रार नाही, उलट सरकारचे कामच ते आहे. तक्रार ही आहे की पद्धत उचलताना आपण बाई घेतली आणि तिच्यावरचा विश्वास मागे ठेवला. जामखेडच्या सेविकेचे म्हणणे दर आठवड्याला ऐकून घेतले जाई. आमची आशाताई दर महिन्याला अहवाल देते. तिचे कोण ऐकते?

गरोदर बाईची नोंद, बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी, क्षयाच्या रोग्याला गोळ्या, कुष्ठरोगाची तपासणी, पल्स पोलिओ, आयुष्मान कार्ड, आणि वरून येईल तो प्रत्येक सर्व्हे, हे सगळे आशाताईंचे काम. करोनात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत दारोदार फिरल्या त्याही ह्याच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला तेव्हा आपण अभिनंदन केलेत. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्याच बायांना संपावर जावे लागले. सात हजारांची वाढ देऊ, दिवाळीला दोन हजार देऊ, असा शब्द देऊन नोव्हेंबरात संप मिटवला गेला. शासन निर्णय निघाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या आणि मग मुंबईत, आझाद मैदानावर बसल्या. मार्चमध्ये निर्णय झाला, तो पाच हजारांचा. सात हजारांचा शब्द कोणी दिला होता? तो देताना हिशेब केला नव्हता, की पाळायचाच नव्हता? आणि त्यांच्या कामाच्या पैशाला अजूनही आपण पगार म्हणत नाही, मोबदला म्हणता. गावात उन्हात फिरणाऱ्या बाईला हा फरक महिनाअखेरीस दुकानदारासमोर कळतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांबद्दल तर विचारायलाच हवे. दिवाळीच्या आसपास आमच्या परतूर, घनसावंगी, अंबड भागांतून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसे निघतात, उचल फिटेपर्यंत परत येत नाहीत. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जे आले ते आपण वाचले आहे. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय दहा वर्षांत काढलेले होते. हे वाचून राज्याला झोप कशी लागली, हा प्रश्न बाजूला ठेवतो. मला विचारायचे आहे ते आमच्या जिल्ह्याचे. बीडच्या सीमेपलीकडे आमच्याकडच्या बाया त्याच फडात, त्याच मुकादमांकडे, त्याच पाळीच्या दिवसांत मोळ्या उचलतात. त्यांची अशी मोजणी झाली का? झाली असेल तर ती ग्रामसभेत का वाचून दाखवली नाही? झाली नसेल तर बीडच्या अहवालातून आपण नेमके काय शिकलात? आरोळे असते तर त्यांनी आधी त्या बायांना एकत्र बसवून विचारले असते. त्याला कोणता निधी लागतो?

पाण्याचेही असेच झाले. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट पाद्री फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात आयुष्य घातले. त्यांच्या पुढाकाराने नाबार्डबरोबरचा भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, समिती गावाची, आराखडा प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर बसून करायचा, मग पैसा, हा त्याचा क्रम. गावाला वेळ लागतो म्हणून घाई करायची नाही. आपल्याकडे जलयुक्त शिवार आले ते २०१९ पर्यंत महाराष्ट्र दुष्काळमुक्त करण्याच्या घोषणेने, जेसीबी लावून. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी सांगितले की सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल आणि टंचाईवर अपेक्षित परिणाम दिसला नाही. त्याआधी २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारखी जोपासलेली झाडे तोडून सरपणाला घातली. त्या शेतकऱ्यांना महालेखापरीक्षकांच्या अहवालाचे उत्तर देणे लागत नाही का? पाद्रीबाबाने शिकवलेला क्रम कोणत्या कार्यालयात उलटा झाला, एवढे तरी कळावे.

आणखी एक बोलायचे आहे, ते थोडे अवघड आहे, तरी बोलतो. ख्रिस्ती संस्थेचे नाव निघाले की हल्ली पहिला शब्द धर्मांतराचा येतो. सक्ती किंवा फसवणूक कोणी करत असेल तर त्याच्यावर जरूर कारवाई करा, मी आपल्या बाजूने उभा राहीन. पण संशयावर राज्य चालवू नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला आणि मोठ्या संस्थेला मिळालेले पैसे खेड्यातल्या छोट्या संस्थेला देण्याची वाट बंद झाली. वर्ल्ड व्हिजनसारख्या संस्थेची नोंदणी जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. कायदा केंद्राचा आहे, संस्थांनी हिशेब चोख ठेवायलाच हवा, हेही मान्य. माझा प्रश्न एवढाच आहे की एखादी संस्था वस्तीतून उठते तेव्हा तिच्या जागी आपण कोणाला पाठवता? तिथली शिकवणी, पोषण आहार, गरोदर बाईची तपासणी कोणाच्या नावावर जाते? माझ्या पाहण्यात उत्तर बहुतेक वेळा ‘कोणाच्याच नाही’ असे असते.

मी आपल्याकडे मिशनऱ्यांची स्तुती करायला आलेलो नाही. त्यांच्यातही चुका झाल्या असतील, त्यांच्या संस्थांत भांडणे झाली असतील. पण ते आमचे काही देणे लागत नव्हते. आरोळे उद्या जामखेड सोडून गेले असते तर कोणालाही त्यांना जाब विचारता आला नसता. आपल्याला विचारता येतो. आपण आमच्या मतावर बसला आहात, आमच्या करावर खाते चालवता. मराठवाड्याला न्याय देण्याचा शब्द १९५३ च्या नागपूर करारात होता, विकास मंडळ १९९४ मध्ये आले, ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली आणि आपण ती संपू दिलीत. सप्टेंबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक घेऊन सुमारे ४५ हजार कोटींची घोषणा केलीत. जालन्याला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचा आनंद आहे आणि तो नोंदवतो. पण त्या ४५ हजार कोटींतले आमच्या तालुक्यातल्या उपकेंद्राच्या उंबऱ्याआत किती आले, हे आम्हाला कोणी दाखवू शकेल का?

म्हणून मागणे लेखी करतो. आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि मुक्कामाला माणूस असतो का, हे त्या त्या दारावर लावा. आशाताईंचा थकलेला मोबदला कोणत्या तारखेपर्यंत मिळेल ती तारीख सांगा, आणि महिन्यातून एकदा तालुक्याला त्यांना फक्त ऐकण्यासाठी बोलवा, अहवाल मागू नका. या हंगामात कोयते निघण्याआधी जालना जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची तपासणी करा, परतल्यावर पुन्हा करा, आणि निकाल नावे वगळून ग्रामसभेपुढे ठेवा. जिथे संस्था काम सोडून गेल्या तिथे त्यांचे काम कोणाकडे दिले, त्याची यादी जिल्हाधिकाऱ्यांकडून जाहीर करा.

उत्तर माझ्या नावे पाठवण्याची गरज नाही. आष्टी ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवा. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ते वाचण्याचा विषय घ्यावा, असा अर्ज मी सरपंचांकडे देतो आहे. पत्र आले नाही तर तेवढीच नोंद इतिवृत्तात होईल.

आपला,
आष्टीचा एक नागरिक
ता. परतूर, जि. जालना