प्ल्यूक ग्रह ठाणे जिल्ह्यातच आहे

मराठीत उपरोधिक, विनोदी विज्ञानपट का होत नाहीत, असं विचारलं की चार उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, पैसा नाही. दुसरं, असा उपरोध हुकूमशाहीत फुलतो, आपल्याला त्याची गरज नाही. तिसरं, विज्ञानकथेचं काम विज्ञान शिकवण्याचं, हसवण्याचं नव्हे. आणि चौथं, परग्रह, कालयंत्रं, झोंबी हे आपल्या मातीतलं नाही. ही चारही उत्तरं टिकणारी नाहीत. उलट ठाणे, कल्याण आणि डोंबिवली हा पट्टा या प्रकारासाठी जितका सुपीक आहे, तितका महाराष्ट्रातला दुसरा कुठलाही भाग नसेल.

हा प्रकार ज्यांनी सिद्धीस नेला त्या सोव्हिएत दिग्दर्शकांपासून सुरुवात करू. गिओर्गी दानेलिया यांचा ‘किन-द्झा-द्झा!’ १९८६ साली मोसफिल्म या स्टुडिओतून बाहेर पडला. मॉस्कोतला बांधकामावरचा एक फोरमन आणि व्हायोलिन घेऊन निघालेला एक जॉर्जियन विद्यार्थी क्षणार्धात प्ल्यूक नावाच्या ग्रहावर जाऊन पडतात. तिथे आकाशात उडणारी यानं आहेत, पण ती गंजलेली. तिथली माणसं दुसऱ्याच्या मनातलं वाचतात, तरी एकमेकांना लुबाडायचं सोडत नाहीत. त्या ग्रहावर सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे आगकाडीचं गुल. पिवळी विजार घातलेला समोर आला की एकदा नव्हे, दोनदा गुडघे वाकवायचे; किरमिजी विजारवाल्याचा मान त्याहून मोठा. चाटलानी आणि पात्साक असे तिथे दोन वर्ग आहेत आणि दिसायला ते अगदी सारखे. हातातल्या यंत्राचा दिवा हिरवा लागला की नारिंगी, एवढ्यावर ठरतं की नाकात घंटी बांधून कोणी वावरायचं. ग्रहावरच्या पाण्याचं इंधन करून झालेलं आहे, त्यामुळे प्यायला पाणी नाही.

आता पैशाचा मुद्दा घेऊ. या चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण तुर्कमेनिस्तानातल्या काराकुम वाळवंटात झालं. पडद्यावर दिसतं ते काय? वाळू, गंजका पत्रा, एक पिंजरा, नाकातली घंटी. प्रेक्षकाला खिळवून ठेवतो तो त्या ग्रहाचा कायदा. विजारीच्या रंगावरून मान ठरतो हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं त्यातून आपोआप निघत जातं. लिओनिद गाइदाई यांच्या १९७३ सालच्या ‘इव्हान वासिल्येविच’मध्ये तर बरंचसं नाट्य एका मॉस्कोच्या फ्लॅटमध्ये घडतं. इंजिनिअर शूरिकच्या घरगुती यंत्रामुळे भिंत नाहीशी होते आणि सोळाव्या शतकातला झार ‘भयंकर’ इव्हान त्या फ्लॅटमध्ये अडकतो. त्याच्यासारख्याच चेहऱ्याचा, इमारतीचा कारभार पाहणारा बुन्शा तिकडे सिंहासनावर जाऊन बसतो. रहिवाशांना नियम सांगत फिरणारा हा माणूस परक्या राजदूताने एक प्रांत मागितल्यावर तो खुशाल देऊन टाकायला निघतो. पहिल्याच वर्षी सहा कोटींच्या आसपास लोकांनी हा चित्रपट पाहिला. लहानशी सत्ता हातात आलेला माणूस मोठ्या सत्तेवर कसा वागेल, हे दाखवायला एक नाहीशी झालेली भिंत पुरली. आपल्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत बुन्शा ओळखता येईल. तेव्हा अडचण पैशाची नाही. कल्पनेतला एक नियम शेवटपर्यंत न सोडण्याची चिकाटी आपल्याकडे कमी पडते.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. सोव्हिएत कलावंतांना सरळ बोलता येत नव्हतं, म्हणून ते परग्रहावर गेले, असं म्हणतात. यात तथ्य आहे. गाइदाईंच्या चित्रपटामागे मिखाईल बुल्गाकोव यांचं जे नाटक आहे, ते १९३६ साली रंगीत तालमीनंतर बंद करण्यात आलं आणि लेखकाच्या हयातीत रंगमंचावर आलंच नाही. बुल्गाकोव यांची १९२५ सालची ‘कुत्र्याचं काळीज’ ही कादंबरी सोव्हिएत संघात छापली गेली ती १९८७ साली. दानेलिया यांचा चित्रपट तयार होत असताना चेर्नेंको सत्तेवर आले. त्यांच्या नावाची आद्याक्षरं आणि प्ल्यूकवासीयांचा ‘कू’ हा उद्गार एकच निघाल्यामुळे मंडळी धास्तावली होती.

पण यावरून हा उपरोध फक्त दडपशाहीचं अपत्य ठरत नाही. सोव्हिएत संघ १९९१ साली संपला. सेन्सॉरला चकवण्यापुरताच तो चित्रपट असता, तर त्याच वेळी त्याचं प्रयोजन संपायला हवं होतं. प्रत्यक्षात दानेलिया यांनीच २०१३ साली तीच कथा पुन्हा अॅनिमेशनच्या रूपात मांडली. तेव्हा चकवायला ते सेन्सॉर उरलेलं नव्हतं, तरी विजारीचा रंग आणि नाकातली घंटी यांचं काम बाकी होतं. कारण माणसाचे डोळे सरकार जितके झाकतं, त्याहून जास्त सवय झाकते.

आपल्याकडे सरळ बोलण्याची मुभा आहे आणि आपण सरळ बोलतोही. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, त्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तो पाहायला स्वतः मुख्यमंत्री आले. हे विज्ञानकथेतलं वाक्य नाही, आपल्या गावची नोंद आहे. तरीही चार दिवसांत आपण त्याच रस्त्याने स्टेशनकडे जायला लागलो. जे रोज छापून येतं ते दिसेनासं होतं. विज्ञानकथा त्याला परग्रहावर उचलून ठेवते आणि ते पुन्हा दिसायला लागतं. म्हणून मुक्त समाजाला या कलेची गरज कमी नाही, अधिक आहे.

तिसऱ्या मुद्द्याकडे वळताना आपल्या परंपरेचा मान राखला पाहिजे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथेला मराठीत हक्काचं घर दिलं. परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. विज्ञानाचा प्रसार व्हावा, अंधश्रद्धा हटावी, हा त्या पिढीचा ध्यास होता. त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. पण यावरून ‘हसवणारी विज्ञानकथा हलकी’ असा निष्कर्ष काढणं त्या परंपरेवरच अन्याय करणारं आहे. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचं पानिपत’ या कथेत एक इतिहासकार अशा जगात जाऊन पोचतो, जिथे १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. एकच गोष्ट बदलली तर बाकीचं कसं बदलेल, हा त्या कथेचा प्रश्न आहे. गाइदाई बुन्शाला गादीवर बसवतात तेव्हा त्यांचा प्रश्नही तोच असतो. एक अट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि परिणाम नीट पाहायचा, ही प्रयोगशाळेचीच रीत आहे. कृष्णविवर समजावून देणं हे विज्ञान असेल, तर आपण रोज पाळतो तो नियम तपासून पाहणं हेही विज्ञानच. त्यातून हसू फुटलं म्हणून वैज्ञानिक दृष्टी कमी होत नाही.

उरला मातीचा मुद्दा. २६ जानेवारी २०२२ रोजी आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ प्रदर्शित झाला. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटाला ‘परदेशी प्रकाराला डोंबिवलीचं लेबल’ म्हणून हिणवणारे भेटतात. त्यांनी चित्रपट नीट पाहिलेला नाही. एका बाजूला नवा टॉवर, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि मधे पाण्याचा प्रश्न, यांतून ती कथा उभी राहते. झोंबी बाहेरून आले असतील, पाण्याचं भांडण इथलंच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. उत्तरार्धात हाणामारी वाढत जाते आणि सुरुवातीला मांडलेला नियम मागे पडतो. पाणी कोणाला आणि का मिळतं, या प्रश्नाचा पाठलाग शेवटच्या दृश्यापर्यंत व्हायला हवा होता. तरीही या चित्रपटाने दार उघडलं, हे श्रेय त्याला मिळालंच पाहिजे.

त्या दारातून पुढे जायला सामग्री किती आहे बघा. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा भाग भातसा धरणातून येतो. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातली गावं-पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाण्याचं इंधन करून तहानलेला राहिलेला प्ल्यूक याहून काय वेगळा आहे? कल्याण-डोंबिवलीलगतची सत्तावीस गावं १९८३ साली महापालिकेत आली, २००२ साली बाहेर गेली, २०१५ साली पुन्हा आत आली, आणि तरीही त्यांचा वाद मिटला नाही. माणूस तिथेच, घर तिथेच, विहीरही तिथेच. फक्त यंत्राचा दिवा हिरव्याचा नारिंगी होतो. सकाळच्या कल्याण लोकलमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे डबे एकमेकांना लागून असतात. दोन्हीकडे तीच गर्दी, तोच घाम. फरक पासावर काय छापलंय एवढाच. १८५३ पासून ज्या ठाण्यात गाडी येते आहे, तिथल्या लेखकाला विजारीचे रंग शोधायला दुसऱ्या आकाशगंगेत जावं लागणार नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त असेल. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यांत स्फोट झाले आणि माणसं मेली. अशा गावावर विनोद कसा करायचा? उत्तर असं की मेलेल्यांवर, होरपळलेल्यांवर विनोद करायचाच नाही. विनोद करायचा तो नियमावर आणि तो निमूट पाळणाऱ्या आपल्यावर. ‘किन-द्झा-द्झा!’चं खरं धैर्य यातच आहे. मॉस्कोचा सज्जन फोरमन थोड्याच वेळात प्ल्यूकच्या रीतीने गुडघे वाकवतो, काड्यांचा हिशेब करू लागतो. तो दुष्ट नाही. त्याला फक्त सवय होते. हसता हसता प्रेक्षकाला स्वतःचे वाकलेले गुडघे दिसतात. दुःखाची टिंगल आणि दुःख निर्माण करणाऱ्या व्यवस्थेचा उपहास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो ज्याला कळत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

मग ही वाट सुरू कुठून करायची? बुल्गाकोव यांचं नाटक आधी लिहिलं गेलं, चित्रपट नंतर झाला. आपल्याकडे तर एकांकिकेचा रंगमंच जिवंत आहे. ठाण्याचं गडकरी रंगायतन, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर ही सभागृहं या पट्ट्यातच आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत मुलं दोन खुर्च्या आणि एका प्रकाशझोतावर अख्खं जग उभं करतात. त्यांच्यापुढे माझी मागणी एकच आहे: आपल्या गावातला एक नियम निवडा, तो एक पाऊल पुढे न्या आणि शेवटपर्यंत त्याच्याशी प्रामाणिक राहा. उद्या पाण्याच्या मीटरवरून माणसाची जात ठरली तर? रिक्षाच्या रांगेतला क्रमांक वारसाहक्काने मिळू लागला तर? हे लिहायला मोसफिल्म लागत नाही. धाडस लागतं ते आपल्याच प्रेक्षकाला त्याच्या विजारीचा रंग विचारण्याचं. हे धाडस ज्या दिवशी ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा लेखक करील, त्या दिवशी मराठी विज्ञानकथा शिकवणीच्या वर्गातून बाहेर पडून नागरिकांच्या सभेत येईल. तिची जागा तिथेच आहे.