सत्तावीस की बहात्तर?

गेल्या ज्येष्ठात आमच्या घरी एक लहानसा वाद उद्भवला. आपल्याही घरी तो प्रसंग केव्हा तरी येईल, म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवतो. आमची सहा वर्षांची नात दम्याने वरचेवर आजारी पडते. वागळे इस्टेटीतील धूळ आणि वाहनांचा धूर लक्षात घेता पहिलीचे वर्ष तिने घरीच अभ्यास करावा, असे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात वयानुरूप इयत्तेत प्रवेश देण्याची तरतूद आहे. तेव्हा पुढील प्रवेशाची चिंता नव्हती. चिंता होती ती अंकगणिताचे पुस्तक कोणते घ्यावे याची.

चिरंजीवांनी सिंगापूरच्या पद्धतीचे इंग्रजी पुस्तक मागविले. सूनबाईंनी बालभारतीचे पुस्तक पुढे केले. प्रस्तुत लेखकाने मात्र, आयुष्यभर खडू झिजविल्याच्या अधिकाराने, अंकलिपीचा आग्रह धरला. पाढे मुखोद्गत झाले की गणित आपोआप येते, हा माझा सिद्धान्त. पावकी, निमकी, औटकीही शिकवावी असे मी सुचविताच सूनबाई हळूच म्हणाल्या, "नाना, सोळा आण्यांचा रुपया १९५७ सालीच गेला ना?" मजजवळ उत्तर नव्हते, तरी वडीलकीच्या बळावर अंकलिपी विजयी झाली.

दोन महिन्यांत नात शंभरपर्यंत घडाघडा म्हणू लागली. एके सायंकाळी मी सांगितले, "सत्तावीस लिही." तिने पाटीवर ७२ लिहिले. "बरे, एकोणतीस लिही." तिने ३९ लिहिले. माझा आवाज चढला. मुलगी पाटी खाली ठेवून रडवेल्या सुरात म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी सातच म्हणालात की!"

मी निरुत्तर झालो. संस्कृतात सप्तविंशति, त्यातही सात आधी आणि वीस नंतर. 'अङ्कानां वामतो गतिः' हा न्याय मी विद्यार्थिदशेपासून घोकलेला. उच्चारात एकक प्रथम येतो. म्हणून अंक उजवीकडून डावीकडे मांडत जावे, असा त्याचा आशय. परंतु बालक पाटीवर डावीकडून लिहिते. कानाने जो क्रम ऐकला तोच तिच्या हाताने उमटविला. आणि 'एकोणतीस' या शब्दात तर तीस स्पष्ट ऐकू येते. 'एक उणा' हे तिला कोणी समजावले होते?

त्या रात्री एक जुनी गोष्ट आठवून झोप लागली नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात, नेमक्या याच चुकीसाठी, एका मुलाच्या हातावर मी पट्टी मारली होती. पुढे वर्षभर तो फळ्याजवळ येताना आधी हात मागे घेई. मी त्याला निष्काळजी समजलो होतो.

वाचकांना स्मरत असेल की, २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या पुस्तकात सत्तावीस हे 'वीस सात' असेही वाचण्याची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ उठला. प्रकरण विधानसभेपर्यंत गेले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (त्या २०२३ साली निवर्तल्या) शांतपणे सांगत होत्या की, जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले अडखळतात, दक्षिणेकडील भाषांत दशक आधी बोलतात, आणि जुनी नावे आपण काढून टाकलेली नाहीत. निवृत्त मंडळींच्या बैठकीत थट्टा करणाऱ्यांत मीही होतो. भाषेचे शब्द लोपतील ही भीती खोटी नव्हती. बाजारात आणि घरात सत्तावीसच चालणार, व ते टिकलेच पाहिजे. परंतु 'वीस सात' ही तेथवर नेणारी पायरी आहे, एवढे मला नातीने शिकविले.

आता निवडीविषयी. पहिलीचे कोणतेही पुस्तक हाती घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, अंकाआधी वस्तू येते का? सिंगापूरच्या पद्धतीत प्रथम वस्तू, मग चित्र आणि शेवटी चिन्ह असा क्रम असतो. तो उत्तम आहे. दुसरी, दहाचा गट बांधणे व सोडणे यासाठी पुस्तक पुरेसे दिवस देते का? जे पुस्तक घाईने शंभरावर पोहोचते, ते बाजूला ठेवावे. तिसरी, आपल्या भाषेतील संख्यानामांची अडचण त्याला ठाऊक आहे का? इंग्रजीत विसाच्या पुढे दशक आधी उच्चारतात. म्हणून तिकडच्या पुस्तकाला सत्तावीसची अडचण माहीतच नसते. ती उणीव घरच्या माणसानेच भरून काढावी लागते.

आम्ही बालभारतीचे पुस्तक मुख्य धरले, सिंगापूरच्या पुस्तकातील चित्रे पूरक म्हणून घेतली, आणि पाढे दिवाळीनंतरसाठी राखून ठेवले. एकाच वेळी तीन पुस्तके मुलापुढे ठेवू नयेत.

सौ.ने खराट्याच्या काड्या मोडून दिल्या. नातीने दहा-दहांच्या जुड्या बांधल्या. दोन जुड्या व सात सुट्या काड्या मांडून ती म्हणाली, "वीस सात, म्हणजे सत्तावीस." मी एकोणतीस मागितले. तिने तीन जुड्या घेतल्या, क्षणभर थांबली, एका जुडीचा दोरा सोडला आणि एक काडी काढून माझ्या हातात ठेवली.