चौथऱ्यावरून उतरलेला घोडा

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन मी मुंबईच्या फोर्ट भागात गेलो होतो. अरुण कोलटकरांचा ‘काळा घोडा पोएम्स’ हा 2004 साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी संग्रह वर्गात चर्चेला होता. त्यातला परिसर प्रत्यक्ष पाहावा, एवढाच हेतू. तिथे पोचताच एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण घोडा कुठे आहे?” समोर उभ्या केलेल्या मोटारींच्या रांगा होत्या. घोडा नव्हता. इतकी वर्षे हा संग्रह शिकवताना हा साधा प्रश्न मला पडला नव्हता, याची त्या क्षणी लाज वाटली.

तो घोडा म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा, अश्वारूढ पुतळा. सॅसून घराण्याने शहराला दिलेला हा ब्राँझचा पुतळा 1879 मध्ये उभा राहिला आणि 1965 मध्ये तिथून हलवला गेला. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेत आहे. गंमत अशी, की लोकांनी चौकाला नाव दिले ते घोड्याचे. स्वार त्यांच्या बोलीत कधी शिरलाच नाही. त्यामुळे पुतळा गेला तरी नावाचे काही बिघडले नाही. 2017 मध्ये त्याच परिसरात एक नवा, स्वाराविना घोडा उभारण्यात आला.

या नव्या घोड्याविषयी माझे मन द्विधा आहे. लोकभाषेने जे आधीच केले होते तेच शिल्पाने केले, म्हणून तो आवडतो. परंतु स्वार कोण होता आणि तो का उतरवला गेला, हा प्रश्नच त्याने अनावश्यक करून टाकला. गेट वेसमोर पंचम जॉर्जच्या जागी 1961 मध्ये शिवछत्रपतींचा पुतळा आला. स्वतंत्र झालेल्या समाजाचा तो हक्कच होता. राजांचे पुतळे हलवल्याचे दुःख मला मुळीच नाही. पण हलवणे वेगळे आणि विसरणे वेगळे.

याउलट हुतात्मा चौक पाहावा. 1864 चे फ्लोरा फाउंटन तिथे जागच्या जागी आहे. त्यावर रोमन पुष्पदेवता उभी आहे. शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचे स्मारक. 21 नोव्हेंबर 1955 ला याच परिसरात गोळीबार झाला होता. दोन्ही शिल्पांना एकमेकांशी काही देणेघेणे नाही, तरी ती एकमेकांकडे पाहायला लावतात. कोणीही कोणाला पुसलेले नाही. कलेच्या दृष्टीने हे सर्वोत्तम संयोजन नसेलही, पण शहराचे इतके प्रामाणिक पान मला दुसरे ठाऊक नाही.

म्हणूनच ही पायपीट वाटाड्याविना करावी असे मी म्हणतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागावरची, जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात लागलेली पाने-फुले नि पशुपक्षी पाहून निघावे, हुतात्मा चौकावरून काळ्या घोड्याला यावे आणि गेट वेला बंदरावर थांबावे. अंतर फार तर अडीच किलोमीटर. वाटाडा माहिती देतो, तारखा अचूक सांगतो. मात्र तो सलग गोष्ट सांगतो, आणि हे शहर सलग नाही. दोन पुतळ्यांमधली विसंगती एकट्याने चालणाऱ्यालाच टोचते.

आपण वर्गात ‘संहितेतील रिक्त जागा’ असे शब्द सहज वापरतो. त्या विद्यार्थिनीने मात्र एका मोकळ्या जागेसमोर उभे राहून प्रश्न विचारला. त्याचे उत्तर शोधत आम्ही त्याच दुपारी भायखळ्याला गेलो आणि राणीच्या बागेतला तो घोडा पाहिला. स्वारासकट. ती निघताना म्हणाली, “आता संग्रह पुन्हा वाचायला हवा.” मलाही तो वाचावा लागला.