काय लिहायचंय त्यात?

संथ डोक्याच्या माणसाला आपल्याकडे ट्यूबलाइट म्हणतात आणि आमच्या घरात या उपाधीवर माझा हक्क अबाधित आहे. तेव्हा ट्यूबविषयी मी जे काही बोलणार आहे ते आपुलकीनंच, हे आधी सांगून ठेवतो.

एलईडी ट्यूब आली याबद्दल माझी तक्रार नाही. हिशोब मलाही कळतो. जुनी चार फुटी ट्यूब ४० वॉटची. वर तिचा चोक १०-१२ वॉट खाणार. म्हणजे आमंत्रण एकाला आणि पानं दोन! नवी २० वॉटमध्ये भागवते. रोज ५ तास दिवा धरला तर वर्षाला ५५ युनिटं वाचतात. शिवाय जुनीच्या पोटात पारा. २०२३ साली जिनिव्हात मिनामाता कराराच्या बैठकीत तिचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलं. जाऊ द्या बिचारीला.

माझं भांडण आहे ते ‘नुसती ट्यूब तर बदलायची’ या वाक्याशी.

आमच्या वायरमननं हेच वाक्य म्हटलं होतं. “काका, चोक काढला, स्टार्टर काढला, डायरेक्ट दिलं. पट्टी तीच!” पट्टी तीच खरी, पण ती कशी? आत सरकार बदललेलं आणि दारावर पाटी जुनीच, तशी. “अरे बाबा, काय केलंस ते कुठं लिहून ठेवशील का?” असं मी विचारलंही. तो हसला. “काय लिहायचंय त्यात?”

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी ती एलईडी ट्यूब गेली. मी माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी ट्यूब काढली, स्टुलावर चढलो, ट्यूब बसवली आणि बटण दाबायला सांगितलं. फट्‌! ट्यूबचं एक टोक काळं ठिक्कर, एमसीबी खाली, घरभर अंधार. आणि अंधारातून सौ.चा आवाज : “पेटली का हो?”

माझी पेटली, पण उशिरा. वायरमननं फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांना दिले होते. जुन्या ट्यूबमध्ये त्याच दोन पिनांमध्ये नाजूक तार असते. तिला आवरणारा चोक आता भंगारात. २३० व्होल्ट सरळ अंगावर आल्यावर ती काय करणार?

बरं, एलईडीतही जाती आहेत. एकीला फेज-न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, दुसरीला दोन टोकांना. तिसरी चोक तसाच ठेवून, स्टार्टरच्या जागी सोबत मिळणारा नकली स्टार्टर लावून चालते. एकीच्या पट्टीत दुसरी घातली तर नशीब चांगलं असल्यास अंधार, नसल्यास शॉर्ट. बाहेरून सगळ्या सारख्याच गोऱ्यापान!

तुम्ही म्हणाल, बटण बंद करून काम करावं. केलं होतं. पण कित्येक जुन्या घरांत बटण फेजवर नसून न्यूट्रलवर असतं. बटण बंद आणि पिन जिवंत. मेन स्विच पाडल्याशिवाय पट्टीला हात लावू नये, हे मला आता कळलं. उद्या आमच्या जागी भाडेकरू आला, त्याचा कॉलेजातला मुलगा त्या स्टुलावर चढला, तर त्याला कोण सांगणार? मी एका आवाजावर सुटलो. त्यानं का म्हणून नशीब आजमावावं?

आपण तांब्यावर नाव कोरतो, खाली तारीख घालतो, देणाऱ्याच्या गावासकट! पळी-पंचपात्रीची वंशावळ आपल्याकडे लिहिलेली असते. मग जी वस्तू जीव घेऊ शकते तिच्यावर दोन ओळी लिहायला हात का दुखतो? “चोक काढला आहे. फेज-न्यूट्रल या टोकाला. जुनी ट्यूब लावू नये.” संपलं. ज्यानं हे लिहिलं नाही त्याचं काम अर्धंच झालं, आणि अर्ध्या कामाचे पूर्ण पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

परवा तोच वायरमन शेजारी आला होता. मी मार्कर घेऊन त्याच्या शिडीखाली उभा राहिलो. “काका, काय लिहायचंय त्यात?” मी सांगितलं, त्यानं लिहिलं. ‘न्यूट्रल’चं शुद्धलेखन चुकलं होतं. एरवी मी असल्या चुका सोडत नाही. पण टोक बरोबर होतं. मी गप्प बसलो.