जकातीचा हिशेब आणि घरचा हिशेब

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत नागपूरच्या मोमिनपुऱ्यात रात्र आणि दिवस सारखेच असतात. कपडा, शेवया, अत्तर, चपला, बांगड्या यांची विक्री सहरीपर्यंत चालते. याच दिवसांत आपले बहुतेक दुकानदार जकात काढतात. परंतु किती काढली आणि ती कशी ठरविली, असे विचारले तर पुष्कळांचे उत्तर एकच असते: ‘मागच्या वर्षी पाच हजार दिले होते, यंदा सहा देऊ.’ देण्याची नियत चांगली आहे, यात शंका नाही. मात्र हा हिशेब नव्हे, अंदाज होय. आमच्या मते आपल्या समाजाच्या आर्थिक दुखण्याचे मूळ या अंदाजातच आहे.

जकात म्हणजे शेकडा अडीच. ती काढण्यासाठी माणसाला आपल्याजवळ काय आहे ते आधी मोजावे लागते. हाती असलेली रोकड, बँकेतील शिल्लक, सोने-चांदी, दुकानातील विक्रीचा माल, येण्याची खात्री असलेली उधारी हे सर्व एका बाजूला. सध्या फेडावयाचे देणे दुसऱ्या बाजूला. बाकी निसाबाइतकी, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोन्याच्या किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी असेल आणि चांद्रवर्ष पूर्ण झाले असेल, तर जकात लागू होते. समजा, एका दुकानदाराचा माल चार लाखांचा आहे, रोकड व बँकेतील शिल्लक मिळून साठ हजार, खात्रीची उधारी नव्वद हजार आणि व्यापाऱ्यांचे देणे दीड लाख. बाकी चार लाख उरते व जकात दहा हजार होते. अंदाजाने सहा हजार देणाऱ्याकडे गरिबाच्या हक्काचे चार हजार राहून गेले. उलट, ज्याचे देणे मालापेक्षा जास्त आहे, तो कदाचित कर्ज काढून जकात देत असेल आणि आपण बुडत आहोत हे त्यालाच ठाऊक नसेल.

जकातीचा हिशेब म्हणजे वर्षातून एकदा स्वतःची आर्थिक प्रकृती तपासणे होय. ही तपासणी शरीअतने आपल्यावर सक्तीची केली आणि आपण तीच टाळतो, याला काय म्हणावे?

टाळण्याचे कारण आपल्या मनात आहे. ‘पैसा हा हाताचा मळ’ असे आपण म्हणतो. बरकत असली की पुरते, नसली की पुरत नाही, असे म्हणून विषय संपवितो. घरात पैशाची चर्चा दोनच वेळा होते: लग्न ठरल्यावर आणि मय्यत झाल्यावर. पैशाविषयी बोलणे हे दुनियादारीचे व न बोलणे हे दीनदारीचे, अशी समजूत रुजली आहे. वस्तुतः पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह अल्-बकरा, २८२) नमाज किंवा रोज्याविषयी नसून उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहावी व साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आदेश आहे. खर्चाच्या बाबतीत उधळपट्टी व कंजुषी या दोहोंमधला मार्ग सांगितला आहे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदिनेत रिकाम्या हाताने आले, तेव्हा अन्सारी भावाने आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. बाजाराची वाट विचारली आणि पनीर व तुपाचा व्यापार सुरू केला. अशा परंपरेत पैशाच्या हिशेबाची लाज वाटण्याचे कारण नाही.

या सवयीला आपल्या शहराचा इतिहासही जबाबदार आहे. मोमिनपुरा ही विणकरांची वस्ती. हातमागाच्या धंद्यात सूत आणि उचल देणारा व्यापारी वही ठेवी आणि कारागिराचा हिशेब त्याच वहीत असे. गिरणीत कामाला गेलेल्यांची स्थिती वेगळी होती. जमशेदजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ साली तेथे पेन्शन फंड काढला. म्हणजे म्हातारपणाची तरतूद मालकाने केली. ही गिरणी १९८६ साली राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व पुढे कायमची बंद पडली. आज त्या कामगारांची मुले-नातवंडे गॅरेज, शिलाई, ऑटो, फळविक्री, वेल्डिंग अशा स्वतःच्या धंद्यांत आहेत. त्यांची वही ठेवणारा व्यापारी नाही व पेन्शन देणारा मालकही नाही. ती वही आता स्वतःच उघडावी लागेल.

हिशेब नसला की तीन ठिकाणी मार बसतो.

पहिला मार खाजगी सावकाराचा. गल्ल्यातूनच घरखर्च, गल्ल्यातूनच लग्न आणि गल्ल्यातूनच दवाखाना. मग माल भरावयाच्या वेळी हात रिकामा. जो बँकेच्या व्याजाला हात लावत नाही, तोच शेकडा पाच-दहा रुपये महिन्याने सावकाराकडून रक्कम उचलतो. सूद घेणे हराम आहे, तसे देणेही हराम आहे, हे त्या वेळी आठवत नाही.

दुसरा मार ‘हलाल नफ्या’च्या योजनांचा. २०१८ साली हैदराबादची हीरा गोल्ड व २०१९ साली बंगळूरची आयएमए या प्रकरणांत हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी अडकली. त्यांत विधवांचे पैसे होते, मुलींच्या लग्नाचे होते, हजसाठी साठविलेलेही होते. शरीअतचा साधा नियम लक्षात ठेवला असता तरी पुष्कळ जण वाचले असते. भागीदारीत नफ्याचा हिस्सा ठरतो, रक्कम ठरत नाही. आणि तोटा झाला तर तो भांडवल लावणाऱ्यालाही सोसावा लागतो. जो दर महिन्याला ठराविक रक्कम व मुद्दलाची हमी देतो, तो व्याजच देत आहे किंवा फसवीत आहे. दाढी, टोपी आणि ‘बिस्मिल्लाह’ छापलेले माहितीपत्रक यांनी हा नियम बदलत नाही. नोंदणीविना जनतेकडून ठेवी घेण्यास २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. पैसे देण्यापूर्वी नोंदणी कोणाकडे आहे, हे विचारण्यात संकोच कसला?

तिसरा मार मृत्यूनंतरचा. कर्ता पुरुष गेला की कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, हे बायकोला ठाऊक नसते. देणेकरी दारात येतात, घेणेकरी गप्प बसतात. मय्यतीचे कर्ज वारसा वाटण्याआधी फेडावयाचे असते. न दिलेला मेहरही कर्जच आहे. हे सर्व कोठे लिहिलेले असते?

बिनव्याजी बँक येईल तेव्हा पाहू, असे म्हणून थांबण्यातही अर्थ नाही. रघुराम राजन यांच्या समितीने २००८ साली बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती; रिझर्व्ह बँकेने २०१७ साली तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, तो मार्ग आजही खुला आहे. बचत खात्यावर व्याज जमा झालेच, तर ते सवाबची नियत न ठेवता गरजूंना द्यावे, असे अनेक उलेमा सांगतात. खाते मात्र विसरून जाऊ नये. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती परत मागता येते, पण त्यासाठी वारसांना खाते आहे हे ठाऊक तर हवे.

बचतीची सवय आपल्यात नाही असेही नाही. मोहल्ल्यामोहल्ल्यांत भिशी चालते. वीस जणांनी दरमहा दोन हजार टाकले, की प्रत्येकाला एकदा चाळीस हजार मिळतात. चिठ्ठीने क्रम ठरणारी भिशी म्हणजे एकमेकांना दिलेले कर्जे-हसनाच होय. लिलावाच्या भिशीत गरजू माणूस कमी रक्कम घेऊन पूर्ण हप्ते भरतो, ती टाळावी. मलेशियात ग्रामीण मुस्लिम हजसाठी पैसे घरात लपवून ठेवीत, जमीन-जनावरे विकून टाकीत आणि परतल्यावर गरीब होत. १९६३ साली तेथे हजच्या बचतीची संस्था निघाली आणि शेतकरी थोडेथोडे बिनव्याजी साठवू लागले. आपली भिशी लिहिलेली, सह्यांची आणि ओळखीच्या माणसांपुरती राहिली, तर लहान प्रमाणात तिचाही तसाच उपयोग होईल.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जकातीची एक चांद्र तारीख ठरवून घ्यावी व त्या दिवशी सर्व मोजावे. दुकानाचा गल्ला व घराचा खर्च वेगळा करावा. दुकानातून स्वतःला दरमहा ठराविक पगार द्यावा. येणे, देणे, सोने, मेहर आणि बँक खाती एका वहीत लिहून ती बायकोला वाचून दाखवावी. मोहल्ल्यातील हिशेब जाणणाऱ्या तरुणांनी शाबान महिन्यात दोन संध्याकाळ मशिदीत बसून दुकानदारांना जकातीचा तक्ता मांडून द्यावा. यासाठी वर्गणी लागत नाही.

वही शाळेच्या दुकानात मिळते. पुढचा रमजान येईपर्यंत तिची निदान चार पाने भरलेली असावीत.