भट्टीचा लेप आणि आपला हिशेब

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील मुंबईत बेकरी चालवतात. लाकडाच्या भट्टीवर पाव भाजणारी ही त्यांची तिसरी पिढी. परवा त्यांनी एक इंग्रजी पत्रक माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "सर, जरा वाचून सांगा. घेऊ का?" भट्टीला आतून लेप लावा आणि तीस टक्के इंधन वाचवा, असा दावा होता. तीस टक्के कोणत्या भट्टीत, किती तापमानाला, याचा मात्र पत्रकात पत्ता नव्हता.

असे लेप म्हणजे निव्वळ फसवणूक, असं मी म्हणणार नाही. चिनी मातीची भांडी भाजणाऱ्या भट्ट्या १२०० अंशांच्या पुढे तापतात. तिथे उष्णता मुख्यतः प्रारणाने पोहोचते. लेप लावलेली भिंत ती जास्त शोषते आणि परत मालावर फेकते, असं त्यामागचं शास्त्र. वितळलेल्या क्षारांपासून विटाही वाचतात.

पण पाव भाजतो तो २५० अंशांच्या आसपास. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे १२०० अंशांवर ते इथल्यापेक्षा साठपटीहून जास्त. तिथला आकडा इथे चिकटवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाची शेरवानी घालणं. शिवाय काजळी धरलेली वीट उष्णता आधीच चांगली शोषते. आणि भट्टीची उष्णता जाते कुठून? धुराड्यातून, उघड्या दारातून, भिंतीतून. पातळ लेप यातलं काहीच अडवत नाही. नीट बसणारं दार, घुमटावर उष्णतारोधक थर आणि भट्टी थंड होऊ न देता एकामागून एक घाणे, हे उपाय आधी करावेत.

त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. लेप लावला तरी लाकूड लाकूडच राहतं आणि धूर धूरच. ज्या भट्टीचं इंधनच बदलायचं आहे, तिच्यावर आज पैसे का घालायचे?

हिशेब सोपा आहे. समजा लेपाचा खर्च ६०,००० रुपये आणि महिन्याला खरी बचत २,००० रुपये. पैसे वसूल व्हायला ३० महिने लागतील. तेवढे दिवस लेप टिकेल का? ही भट्टी तरी तशीच राहील का? लेखी हमी मागा. आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा, किलोभर मैद्यामागे किती लाकूड जळलं ते तोलून बघा. विकणारा तयार नसेल, तर उत्तर मिळालंच.

सूरह रहमानमध्ये मीझान, म्हणजे तराजू, नीट राखायला सांगितलं आहे. तो आपण गिऱ्हाइकाला माल देताना आठवतो, स्वतः माल घेतानाही आठवावा. इस्राफ फक्त शादीच्या जेवणात होत नाही, न तपासलेल्या खरेदीतही होतो.

बेकरीवाल्यांनी एकत्र येऊन एखादा प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक बोलवावा. त्याची फी वाटून घेतली तर एकेकाला फार जड जाणार नाही, आणि गॅसवर जाण्याचा आराखडाही त्याच्याकडूनच करून घेता येईल. विद्यार्थ्याच्या वडिलांना मी हेच सांगितलं: लेप राहू द्या, आधी काटा आणा.